एकेचाळीस कुलपांची मालकीण

रत्नागिरी तालुक्यात आमच्या वहिनीइतकी श्रीमंत बाई दुसरी नाही, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. तिच्या ताब्यात एकेचाळीस घरं आहेत. त्यांतली सोळा दुमजली, नऊंच्या पायऱ्या संगमरवरी, आणि एकाला नुसती गाडी उभी करायला जी खोली बांधलीय तिच्यात आमचं अख्खं घर बसून वर पाहुण्यांना जागा उरेल. सागवानी, लोखंडी, पितळी कड्यांचे असे सगळे मिळून सव्वीस झोपाळे तिच्या दिमतीला आहेत. दुपारी जेवण झाल्यावर आज कुठल्या झोपाळ्यावर पडावं, हा प्रश्न मोठमोठ्या बागायतदारांनाही पडत नसेल. वहिनीला तो रोज पडतो. हे सगळं वैभव सांगून झालं की आवाज जरा खाली आणून मी पुढचं सांगतो. यातलं एकही घर तिचं नाही. तिचं, म्हणजे दादाच्या नावावर असलेलं घर बेचाळिसावं, आणि ते गळतं. एकेचाळीस घरं भर पावसात कोरडी ठेवणारी ही बाई श्रावणात स्वतःच्या माजघरात तीन पातेली आणि एक परात मांडते आणि त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाकाला जाते.

हे कोडं नाही, धंदा आहे. पावस गावाच्या अलीकडे सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर आमचं गाव आहे. तिथे माणसांपेक्षा घरं जास्त आणि घरांपेक्षा कुलपं जास्त. आमच्याकडचा माणूस आयुष्यभर मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहतो, निवृत्तीचे पैसे हातात पडले की गावी येऊन पाच खोल्यांचं घर बांधतो, त्याला पोपटी नाहीतर जांभळा रंग देतो, वास्तुशांत घालतो, पंगती उठवतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुन्हा त्या दहा बाय बारामध्ये जाऊन राहतो. खाडीकडच्या मुसलमान वाडीत हेच कुवेतच्या आणि दुबईच्या पैशांनी होतं, फक्त तिथले रंग अधिक चांगले असतात. ही घरं शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात पंधरा दिवस उघडतात. एरवी आत वाळवी, बाहेर माकडं आणि देवघरात अंधार. कोकणच्या हवेत बंद घर चार महिने ठेवलं की दारं फुगतात, गाद्यांना बुरशी येते आणि मिक्सर सुरू केला तर आतून उंदीर बाहेर येतो. वहिनी ही घरं उघडते, झाडते, पंखे फिरवते, पंप चालवून बघते, देवाला दिवा लावते आणि पुन्हा कुलूप घालते. त्याचे ती पैसे घेते. या कामाला कुणी ‘लक्ष ठेवणं’ म्हटलं तर तिला राग येतो. "लक्ष गुरांवर ठेवतात. मी घरं चालवते," असं ती म्हणते.

बारा वर्षांपूर्वी ती तालुक्याच्या एका पतपेढीत कारकून होती. कायमची नोकरी, दिवाळीला बोनस, डोक्यावर पंखा. दादा तेव्हाही मुंबईतच होता आणि आताही आहे. वर्षातून दोनदा येतो, म्हणून वहिनी त्याला आपलं बेचाळिसावं गिऱ्हाईक म्हणते. एका जुलैमध्ये आमच्या काकांचा पतपेढीत फोन आला. काका म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे भाऊ, मुंबईत राहणारे, आयुष्यभर गोदीत इतरांचे हजेरीपट लिहून निवृत्त झालेले. त्यांच्या गावच्या बंद घराच्या दाराखालून पाणी वाहतंय असं कुणीतरी त्यांना कळवलं होतं. वहिनी खिडकी बंद करून उठली, गावी गेली, न्हाणीघरातला फुटलेला नळ बांधला, घोट्यापर्यंत साचलेलं पाणी उपसलं आणि संध्याकाळी परत आली, तेव्हा व्यवस्थापकाने तिचा अर्धा दिवस कापला होता. काकांना हे कळलं. आठवड्याने त्यांच्याकडून बरोबर अर्ध्या दिवसाचा पगार आला, सोबत चिठ्ठी होती, "तुझा अर्धा दिवस माझ्या नळाने खाल्ला. तो मी भरला पाहिजे."

ही चिठ्ठी वहिनीच्या डोक्यात बसली. अर्धा दिवस एक माणूस कापू शकतो आणि दुसरा देऊ शकतो, तर तो अर्धा दिवस मुळात आपलाच असणार, असा तिने निष्कर्ष काढला आणि पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. मी तेव्हाही रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून होतो. कारकुनाला शोभेल असं मी तिला दोन तास समजावलं. ती शांतपणे ऐकत होती, पोहे निवडत होती, शेवटी म्हणाली, "भाऊजी, तुमी सांगताय ते सगळं खरं हाय. पन ते तुमच्यासाठी खरं हाय." काकांनी मात्र मुंबईहून फोन करून तिला पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वतःचं नाव दिलं, आणि एक गोष्ट बजावली, जी ती आजही घोकते. "पोरी, कुणाकडून पगार घेऊ नकोस, फी घे. पगार देणारा वर बसतो. फी देणारा समोर बसतो." हजेरीपट लिहिण्यात जन्म घालवलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

वहिनीची काम करण्याची पद्धत कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. किल्ल्यांना ती नंबर लावत नाही. प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातली चिंधी बांधलेली असते, कुणाच्या फाटक्या पडद्याची, कुणाच्या जुन्या लुगड्याची. डबा चोराच्या हाती लागला तरी त्याला काही कळू नये, हा हेतू. बंद दारापुढे उभी राहिली की ती तीनदा टाळ्या वाजवते आणि मोठ्याने म्हणते, "मी आलेय. ज्याला जायचं हाय त्यानं जावा." हे सापांना आणि उंदरांना उद्देशून असतं. पण एकदा पोपटी बंगल्यातून खरोखरच मालकांचा मेहुणा खाली मान घालून मागच्या दाराने निघून गेला. तो बायकोशी भांडून मुंबईहून न सांगता आला होता. वहिनीने त्याला परत बोलावून चहा दिला, बायकोला फोन लावून दिला आणि त्या महिन्याच्या फीमध्ये या कामाचे वेगळे पैसे लावले नाहीत, याचा तिला अजून थोडा पश्चात्ताप होतो.

देवघरातला दिवा लावताना ती त्या घरच्या देवांना त्या घरच्या बातम्या देते. देव इथे एकटे बसलेले, माणसं तिकडे, मधे कुणीतरी सांगायला नको का, असा तिचा प्रश्न असतो. "तुमच्या नातवाला बारावीला कमी पडलेत, जरा बघा," असं ती सहज बोलून जाते. कुवेतवाल्यांच्या घरात देवघर नाही, तर तिथे ती दर शुक्रवारी ओसरी धुऊन, त्यांच्या घरातल्या म्हातारीने शिकवला तसा, चिमूटभर ऊद जाळते आणि वाऱ्याला खिडक्या उघडून अर्धा तास बसून राहते. ती म्हातारी तिकडून फोनवर विचारते, "वैनीबाय, घर माजं काय बोलतंय?" वहिनी गंभीरपणे सांगते, की तुमची आठवण काढतंय, पन गच्चीला भेग गेलीय ती आदी बघा.

महिन्यातून एकदा ती प्रत्येक मालकाला मोबाइलवर त्याच्या घराची चित्रफीत पाठवते. मालकाने ती कुटुंबासमोर लावू नये, एकट्याने बघावी, असं मी अनेकांना सुचवलं आहे. कारण वहिनी चित्रणासोबत बोलतही असते. "ही बघा तुमची गादी. गेल्या मेमध्ये ओली टाकून गेलात. हिला जो वास मारतोय तो घराचा नाय, तुमचा हाय. हा नळ. हा मी दोनदा बांदला, आता तिसऱ्यांदा बांदनार नाय, नवा घ्यावा. आनी हे तुमचे आजोबा. ह्यांच्या फोटोवर माळ कदी घातलेली, आठवतंय?" डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, की साहेबांचा फोन ते बिनधास्त घेतात, पण वहिनीची चित्रफीत आली की आधी पाणी पितात.

याच डोंबिवलीकरांमुळे मला तिच्या धंद्यातली खरी अडचण समजली. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घरात दिवा लावण्याचे पैसे घ्यायचे, ही कल्पनाच लोकांच्या गळी उतरत नव्हती. हा शेजारधर्म आहे, असं सगळे म्हणत. पहिली दोन वर्षं तिला जो मोबदला मिळाला तो प्रामुख्याने फरसाणाच्या रूपात. कुणी सुतरफेणी आणायचं, कुणी न आवडलेली साडी, आखातवाले डोकेदुखीचं मलम. दोन वर्षांत आमच्या घरात इतकं मलम साठलं, की डोकं दुखल्याशिवाय चैन पडेना. शेवटी डोंबिवलीकर तिसऱ्या वर्षी फरसाणाची पिशवी घेऊन आले, तेव्हा वहिनीने ती घेतली, आत नेली, आणि चहा देता देता चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं, "मागल्या खेपेचं घेऊन लाइटबिल भरायला गेलते. खिडकीवर ठेवलं. तो घेत नाय बोलला." गृहस्थ चाचरत म्हणाले, की वहिनी, आपण शेजारी आहोत. त्यावर ती म्हणाली, "शेजारधर्म भिंतीला लागून असतो. तुमचं घर दीड किलोमीटरवर हाय. तिथे धंदा सुरू होतो." ती फरसाण घेऊन खरंच वीजबिलाच्या खिडकीवर गेली होती का, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

फी सुरू झाली म्हणून सोन्याचा धूर निघाला असं कुणी समजू नये. लोकांना पैसे आठवतात ते गावी आल्यावर. म्हणजे शिमग्याला आणि गणपतीला. मधले महिने वहिनी कसे काढते ते तिलाच ठाऊक. ती तक्रार करत नाही, पण मला एक खूण सापडली आहे. तिच्याकडे दुधाचा चहा मिळाला तर धंदा बरा चाललाय, आणि कोरा मिळाला तर विचारू नये. एका जुलैत सलग चार रविवार कोरा चहा प्यायल्यावर मी एका वसतिगृहातल्या नोकरीचा अर्ज घेऊन गेलो. शब्द टाकला होता, जागा जवळजवळ पक्की होती. वहिनीने अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला, कागद चांगला जाड आहे म्हणाली आणि किल्ल्यांच्या डब्याच्या तळाशी नीट दुमडून घातला, गंज लागू नये म्हणून. मी चिडलो. महिन्याच्या महिन्याला पैसे येणं म्हणजे काय, हे तुला कळत नाही, म्हणालो. तुला हे परवडणार नाही, हे वाक्य मी त्या दिवशी बहुधा पन्नासाव्यांदा उच्चारलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी ओहोटी हाय. मी कालवं काडायला जानार. तुमी येताय?" उद्या सोमवार होता. मी कचेरीत गेलो. दुपारी तिने कालवांच्या, म्हणजे खडकावरच्या शिंपल्यांच्या, आमटीचं चित्र पाठवलं, सोबत बोलणं नव्हतं.

आता तिच्या धंद्याला असलेला खरा धोका सांगतो. तो चोरांचा नाही, वाळवीचाही नाही. तो भावकीचा आहे. आमची भावकी अफाट आहे, विरारपासून बडोद्यापर्यंत पसरलेली, आणि तिच्यात म्हातारी माणसं फार. कुणीही गेलं की आम्हाला दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवाला शिवता येत नाही, दिवा लावता येत नाही, आणि भावकीची चार घरं सोडली तर बाकीची सदतीस घरं दुसऱ्यांची, त्यांच्या देवांनी काय गुन्हा केलाय? एका वर्षी तर कधी न पाहिलेले तीन आजोबा रांगेने गेले आणि वहिनीचा सबंध महिना बुडाला. नोकरदाराला किरकोळ रजा असतात, वहिनीला किरकोळ सुतकं असतात, आणि ती सगळी बिनपगारी. पण तिने यावरही उपाय शोधला. दहा दिवस उलटून गेल्यावर बातमी कळली तर थोडक्यात सुटका होते, असं तिला कुणा भटजींनी सांगितलं होतं. तेव्हापासून तिने मरणाच्या बातम्या वेळेवर ऐकणं बंद केलं.

आमच्या वाडीत भावकीच्या बातम्या पोचवणारे एक आप्पा आहेत. कुणी गेल्याचं सर्वांत आधी आपण सांगितलं नाही तर त्यांना जेवण जात नाही. ते बांधावरून "वैनी, आयकलास काय," एवढं म्हणेपर्यंत वहिनी पंपाचं बटण दाबते. पंपाच्या आवाजावर आवाज काढून ती त्यांना सांगते, "आप्पा, कोन आजारी असंल तर सांगा. बरा झाला असंल तर सांगा. तिसरं काय असंल तर पुढल्या पंधरवड्यात या, चा देते." आप्पा बिचारे पंधरा दिवस बातमी पोटात घेऊन हिंडतात. एकदा ते तुंबलेल्या तीन बातम्या घेऊन एकदमच आले. वहिनीने चहा दिला, तिन्ही ऐकल्या, आणि तिघांसाठी तीनदा डोळ्यांना पदर लावला. ते ढोंग नव्हतं. मी तिला यावरून बोललो होतो, की धर्माला असं गंडवू नये. ती म्हणाली, "भाऊजी, ज्याला मी बघितला नाय, ज्यानं मला बघितली नाय, त्याच्यासाठी एवढ्या घरांतले देव अंधारात का बसवू? उशिरा रडते, पन रडते." मी तरीही तत्त्व म्हणून नाराज राहिलो.

यंदाच्या शिमग्याची गोष्ट. आमच्याकडे होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी ढोलताशांच्या गजरात घरोघर येते. घरच्या बाईने ओटी भरायची, आरती करायची, पालखी अंगणात नाचवायची. ज्याचं दार बंद, त्याच्यावरून पालखी पुढे जाते, आणि ते माणसाला वर्षभर सलतं. या वर्षी अकरा घरच्यांना येणं जमत नव्हतं. कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची रजा नामंजूर. त्या अकराही घरांत वहिनीने सडा-रांगोळी करायची, दार उघडायचं, मालकांच्या वतीने पालखी घ्यायची आणि मोबाइलवर त्यांना दाखवायची, असं ठरलं होतं. तिच्या बारा वर्षांतली ही सगळ्यात मोठी कमाई असणार होती. या पैशांवर तिने आपल्या छपरासाठी पत्रे सांगून ठेवले होते. पाडव्यानंतर सुतार येणार होता. त्या आठवड्यात मला तिच्याकडे दुधाचा, आलं घातलेला चहा मिळाला.

पालखी आमच्या वाडीत यायच्या दोन दिवस आधी, सकाळी सात वाजता, दादाचा मुंबईहून फोन आला. "काका पहाटे गेले," तो म्हणाला. "झोपेतच." मग म्हणाला, "तिला अजून सांगितलेलं नाही. परवा पालखी आहे. आता सांगायचं, की तिच्या नेहमीच्या रीतीने दहा दिवस थांबायचं, ते तूच बघ. माझ्या तोंडून ते निघणार नाही." काकांच्या मुलाने मात्र स्पष्ट कळवलं होतं, वहिनीचा शिमगा बुडवू नका.

मी आधी कचेरीत फोन केला. मार्चअखेर होता. साहेब चांगले आहेत, पण मार्चमध्ये कुणीच चांगलं नसतं. "चुलते ना?" त्यांनी विचारलं. "वडील असते तर गोष्ट वेगळी. बारापर्यंत या." मी हो म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली. वाटेत मी ठरवून टाकलं, की सांगायचं नाही. नुसतं जाऊन तिला बघून यायचं. दहा दिवसांनी सांगता येईल. जी रीत मला कधी पटली नव्हती, ती त्या दिवशी मला फार शहाणपणाची वाटली.

वहिनी पायरीवर बसून तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासत होती. अकरा घरांचे अकरा तांबे, अकरा ताम्हनं, ओळीने मांडलेली. "या भाऊजी," ती म्हणाली, "चा टाकते." एरवी मी सरळ स्वयंपाकघरात घुसतो. त्या दिवशी अंगणातच उभा राहिलो. घाईत आहे म्हणालो. तिने तांब्यातून पाणी ओतून पेला पुढे केला. माझा हात पुढे झाला नाही. देवीसाठी घासलेल्या भांड्यांच्या मधे ती बसलेली, आणि मी सुतकी. तिने पेल्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि पेला हळूच खाली ठेवला.

"भावकीतलं?" तिने विचारलं.

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपू लागलो.

"मग बोलू नका. परवा पालखी हाय. दहा दिवसांनी सांगा," असं म्हणून तिने पुढचं ताम्हन उचललं. मला सुटल्यासारखं झालं. मी वळलो, गाडीपाशी गेलो. मागून चिंचेने घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"भाऊजी," ती म्हणाली, "भावकीतल्या कुनासाठी तुमचे डोळे असे सुजलेले मी कदी बघितले नाय." मी तिच्याकडे पाठ करूनच उभा होतो. "काका काय?"

मला मान हलवायची नव्हती, पण ती हलली. मग मी वळून भराभर बोलत सुटलो. म्हणालो, वैनी, मी काही सांगितलेलं नाही, तू काही ऐकलेलं नाहीस, मान हलली ती धरू नकोस. दादाने ते माझ्यावर सोडलंय, आणि काकांचा मुलगा तर स्पष्टच म्हणतो, शिमगा बुडवू नका. अकरा घरं आहेत, पत्रे सांगितलेत, पावसाला अडीच महिने राहिलेत. तुझाच नियम आहे ना, दहा दिवसांनी ऐकायचं?

तिने हातातलं ताम्हन खाली ठेवलं आणि हात त्याच्यावरून काढून घेतला. "बाकीच्यांचं दहा दिवसांनी आयकलं," ती म्हणाली. "काकांचं आजच आयकनार."

ती उठली, विहिरीवर गेली, आणि नेसत्या लुगड्यानिशी दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. मग तशीच निथळत उभी राहून तिने वाडीतल्या गुरवांच्या सुनेला, जिला आमचं सुतक लागत नाही, फोन करून बोलावून घेतलं. ती आली. वहिनीने चार हातांवरून तिला किल्ल्यांचा डबा दाखवला, आणि एकेक चिंधी सांगत अकरा घरं तिच्या स्वाधीन केली. अमक्याचं दार जरा वर उचलून ढकल, तमक्याच्या ओटीला नारळ सोललेला लागतो, जांभळ्या घरातली म्हातारी फोनवर रडेल तेव्हा फोन बंद करू नको, तिला रडू दे. गुरवांच्या सुनेने भीतभीत पैशांचं विचारलं. "ते तुजे," वहिनी म्हणाली. "काम तू करनार तर पैशे माजे कशे?" मग तिने अकरा गिऱ्हाइकांना फोन केले. कुणाला विचारलं नाही, फक्त कळवलं. "मी दहा दिवस नाय. माजे काका गेले." अकराव्या फोनला तिचा आवाज फुटला.

मी पत्र्यांचं विचारलं. कारकुनाच्या जिभेला दुसरं काही सुचत नाही. "पत्रे पुढल्या साली," ती म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं, डोळ्यांतूनही. "नोकरीत असते तर आज कोनातरी पुढे उभं रावायला लागलं असतं, भाऊजी. सांगायला लागलं असतं, चुलते होते, पन बापासारके होते, द्या काय दोन दिवस. मी कोनाला इचारू? हितं साहेब मीच हाय." ती हे अभिमानाने बोलत होती आणि रडत होती. मला त्या क्षणी तिच्याबद्दल जे वाटलं, ते मी आजवर तिला सांगितलेलं नाही. माझ्या घरातली ती सगळ्यात मोठी माणूस आहे, असं मला वाटलं. मग मी घड्याळात बघितलं. साडेअकरा झाले होते, आणि मला जावं लागलं.

पालखीच्या दिवशी मी कचेरीत बिलांवर शिक्के मारत होतो. दादालाही मुंबईत एका दिवसाच्या वर सुटी मिळाली नाही, तो स्मशानातून आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. काकांच्या मुलाने घरी बसून लॅपटॉप उघडला. आम्ही सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या, तेवढंच आमचं सुतक. काकांचं जाणं आमच्या अख्ख्या घरात एकाच माणसाला परवडलं, आणि तुला परवडणार नाही असं मी बारा वर्षं ज्या माणसाला सांगत आलो होतो, तो माणूस तोच.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी तडक गावी गेलो. वहिनी तिच्या घरी नव्हती. ती काकांच्या बंद घराच्या पायरीवर बसली होती. दोन दिवस ती तिथेच येऊन बसत होती, असं आप्पांनी सांगितलं. दुपारी पालखी त्या घरावरून ढोल न वाजवता पुढे गेली होती. आता खालच्या वाडीत ढोल वाजत होते आणि आवाज सड्यावर येत होता. मी तिच्या दोन पायऱ्या खाली बसलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मिळाली काय रजा?"

"नाही," मी म्हणालो. "उद्या पुन्हा जायचंय."

ती जरा सरकली आणि तिने मला बाजूला जागा करून दिली. म्हणाली, "जावा. तुमच्या वाटचं पन मीच बसते."